पहिला हिट पुढच्या मोठ्या चित्रपटाला नेमकं काय देतो?

नव्या दिग्दर्शकाचा चित्रपट चालला की पुढच्या चित्रपटाचं बजेट वाढतं, हे आपण गृहीतच धरतो. ‘आता काय, त्याला कोणीही पैसे देईल,’ असं म्हणून विषय संपवतो. पण कोणी कशाच्या भरवशावर पैसे देईल? पहिल्या चित्रपटाचा नफा बहुतेक वेळा निर्मात्याचा असतो, दिग्दर्शकाला ठरलेलं मानधन मिळतं. प्रेक्षक दुसऱ्या चित्रपटालाही येतील, असं कोणी लिहून देत नाही. मग त्या एका यशातून दिग्दर्शकाच्या हाती असं काय लागतं, की दोन-तीन चित्रपटांनंतर तो दहापट मोठा पसारा मांडू शकतो?

त्याच्या हाती पत लागते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. नव्या बागेत तो एकटा पैसा ओतत असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. एका हंगामात माल एकसारखा, गोड आणि टिकाऊ निघाला की पुढच्या वर्षी व्यापारी आपणहून बागेत येतो, भाव बोलतो, इसार देऊन जातो. बाग तीच, माणूसही तोच. पैसे लावणाऱ्याची भीती मात्र कमी झालेली असते. चित्रपटात ही भीती कमी होण्यालाच फार मोठी किंमत आहे, कारण इथे माल तयार होण्याआधी सगळा पैसा घालावा लागतो आणि शुक्रवार उजाडेपर्यंत कोणालाच काही कळत नाही.

नाशिककरांना हा विषय समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट कोणता, याचं उत्तर इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या चित्रपटाआधी आणि नंतर पैसा कसा उभा राहिला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

१९१२ मध्ये फाळके लंडनहून परतले तेव्हा त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवलेला होता आणि काम शिकून घेतलं होतं. भांडवल नव्हतं. कर्ज मागायचं तर काय दाखवून मागायचं? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि एकेक फ्रेम घेत राहिले. महिनाभराहून जास्त चाललेलं ते काम पडद्यावर बघता बघता उलगडलं. माती फुटते, कोंब वर येतो, रोपाला पानं धरतात. ही ‘अंकुराची वाढ’ त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि त्या जोरावर कर्ज मिळवलं. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते पडलेच.

जरा थांबून पाहा, त्या वाटाण्याने काय सिद्ध केलं. गोष्ट सांगता येते का, लोक तिकीट काढतील का, यातलं काहीच नाही. हा माणूस चित्र टिपू शकतो, फिल्म धुऊ शकतो आणि ती पडद्यावर हलती दाखवू शकतो, एवढंच. पण त्या घडीला पैसे देणाऱ्याला नेमकी तीच शंका होती. समोरच्याच्या मनात जी शंका आहे तिलाच उत्तर देणारं काम आधी करून दाखवायचं, ही रीत तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही.

पुढची शंका मोठी होती: अख्खी कथा इथे, आपल्या माणसांना घेऊन करता येईल का? ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि लोकांनी गर्दी केली. त्या चित्रपटात तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नव्हती, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने ते केलं. पाठोपाठच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. दोघी रंगभूमीवरच्या, त्यामुळे सगळं श्रेय मागच्या यशाला देता येणार नाही. तरी एका चाललेल्या चित्रपटानंतर माणसं कामाला ‘हो’ म्हणायला लागतात, हे कुठल्याही काळातलं निर्मिती विभागातलं माणूस सांगेल. पत वाढते ती सावकाराकडेच नव्हे, नटांकडे आणि तंत्रज्ञांकडेही.

‘हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला हलवलं. गोदाकाठ, घाट, देवळं, डोंगर, लेणी, पौराणिक कथेला लागणारं सगळं इथे हाताशी होतं. पण लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि भांडवलाचा ओघ आटला. म्हणजे एक यश आणि दुसऱ्या मोठ्या यशामध्ये चांगली तीन-चार वर्षं ओढाताणीत गेली. हा मधला काळ यशाच्या गोष्टी सांगताना आपण गाळून टाकतो. पत ही परिस्थितीपुढे टिकेलच असं नसतं; बाजारातच पैसा नसेल तर चांगल्या माणसालाही उधार मिळत नाही.

मग १९१७ मध्ये आला ‘लंकादहन’. राम आणि सीता दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. पण लोक लोटले ते हनुमानासाठी, त्याच्या उड्डाणासाठी, जळत्या लंकेसाठी. ट्रिक फोटोग्राफी हा फाळक्यांचा हातखंडा, आणि चार वर्षांच्या कामातून त्यांचा हात त्यात आणखी बसला होता. मद्रासला या चित्रपटाच्या गल्ल्याची नाणी बैलगाडीत घालून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगितलं जातं. ती आठवण किती तंतोतंत खरी, हा भाग सोडा. मराठी मुलखापासून इतक्या लांबही या चित्रपटाची तिकिटं भरभरून विकली गेली, हे त्यातलं महत्त्वाचं. ‘हरिश्चंद्र’ने ‘चित्रपट बनतो’ हे दाखवलं होतं. ‘लंकादहन’ने ‘याचा धंदा होतो’ हे दाखवलं.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १९१८ च्या सुरुवातीला भागीदार पुढे आले आणि नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी दागिने गहाण टाकणारा माणूस आता कंपनीचा कर्ता भागीदार होता. त्या जोरावर ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) झाले, दोन्हींत बाळकृष्ण होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. ‘कालिया मर्दन’चा जो भाग आज उपलब्ध आहे, त्याच्या सुरुवातीला फाळके आधी मंदाकिनीचे चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव दाखवतात आणि मग तिचा कृष्ण होतो. आपली नटी काय करू शकते, हे आधी प्रेक्षकाला पटवायचं आणि मग कथेत शिरायचं. मला तर हे वाटाण्याच्या रोपाचंच पुढचं पाऊल दिसतं.

आता आजच्या काळात येऊ, कारण पैशाचं गणित समजल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. समजा, कॉलेज रोडवरच्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही २०० रुपयांचं तिकीट काढलं. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले सुमारे ३० रुपये सरकारकडे गेले. उरले साधारण १७०. पहिल्या आठवड्यात त्यातला जवळपास निम्मा वाटा थिएटर ठेवतं, राहिलेले ८५ रुपये वितरकाकडे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वितरकाचा हा वाटा आणखी घटतो. वितरक त्यातून आपलं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वळता करतो आणि मग निर्मात्याच्या हातात रक्कम पडते. म्हणून ‘शंभर कोटींचा चित्रपट’ म्हणजे निर्मात्याला शंभर कोटी मिळाले असा अर्थ कधीच नसतो. चार कोटींत चित्रपट झाला आणि वर दोन कोटी प्रसिद्धीला लागले असं धरा. ते सहा कोटी नुसते थिएटरमधून वसूल करायचे तर चौदा-पंधरा कोटींची तिकिटं विकली जावी लागतात. हे कमिशन न धरता आणि सगळा वाटा पहिल्या आठवड्याच्या दराने मोजून.

हा आकडा डोळ्यासमोर आला की निर्माता का घाबरतो ते कळतं. ही भीती तो एकटा वाहत नाही, वाटून घेतो. वितरक एखादी टेरिटरी, म्हणजे एखाद्या भागातले प्रदर्शनाचे हक्क, आधीच विकत घेतो किंवा एमजी देतो. एमजी म्हणजे चित्रपट चालो न चालो, एवढी रक्कम नक्की देणार, असा शब्द. म्युझिक कंपनी गाण्यांचे हक्क घेते. चॅनेल आणि ओटीटीवाले आपापले हक्क घेतात. हे सगळे व्यवहार चित्रपट लागण्याआधी होऊ शकले, तर निर्मात्याचा बराच खर्च आधीच निघालेला असतो. पण न पाहिलेला चित्रपट कोणी कशावर घेईल? नटाच्या नावावर घेतील, नाहीतर दिग्दर्शकाच्या. आधीचा हिट पुढच्या चित्रपटात कामाला येतो तो बरोबर इथे. हिटमुळे दिग्दर्शकाचं नाव विकता येण्याजोगं होतं आणि न बनलेल्या चित्रपटाचे हक्कही विकले जातात. मोठं बजेट उभं राहतं ते या आगाऊ पैशातून.

शोचंही तसंच. नव्या मराठी दिग्दर्शकाच्या चित्रपटाला नाशिकमध्ये शुक्रवारी सकाळी अकराचा एखादा शो मिळतो. त्या वेळी माणसं कामावर असतात. सोमवारी ‘प्रेक्षक नाही’ म्हणून तोही उतरतो. चित्रपट चांगला आहे ही बातमी पसरायला चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस तो थिएटरात टिकत नाही. हिट दिलेल्या दिग्दर्शकाला संध्याकाळचे शो पहिल्याच दिवशी मिळतात, कारण थिएटरवाल्यालाही आपल्या खुर्च्यांची चिंता असते. हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. पण नव्या माणसाला त्याच्यातूनच वाट काढावी लागते.

पैसे आणि शो सोडून आणखी एक गोष्ट हिट देतो, ती म्हणजे जमलेली टीम. रमेश सिप्पींचं उदाहरण घ्या. ‘अंदाज’ (१९७१) चालला, मग ‘सीता और गीता’ (१९७२) जोरात चालला आणि १९७५ मध्ये ‘शोले’ आला. निर्माते त्यांचे वडीलच होते, त्यामुळे दार ठोठवायची वेळ त्यांच्यावर आली नाही हे खरं. तरी ‘सीता और गीता’ची श्रेयनामावली काढून ‘शोले’च्या शेजारी ठेवा. धर्मेंद्र, हेमा मालिनी, संजीव कुमार दोन्हीकडे. लेखक सलीम-जावेद दोन्हीकडे. संगीत राहुल देव बर्मन यांचं, संकलन एम. एस. शिंदे यांचं. म्हणजे ७० एमएमचा भव्य पट, बंगळुरूजवळच्या रामनगरात उभारलेलं अख्खं गाव, कोटींतला खर्च, हे सगळं नवं असलं तरी ज्यांच्या खांद्यावर ते टाकलं ती माणसं एकमेकांच्या सवयीची होती. ‘शोले’ला त्या वर्षी एकच फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, ते शिंद्यांच्या संकलनाला. मोठ्या चित्रपटात वेळ जातो तो एकमेकांना समजून घेण्यात, आणि आधीच्या हिटने तो वाचवलेला असतो.

एस. एस. राजामौलींच्या वाटेकडे पाहिलं तर हीच गोष्ट पायरी पायरीने दिसते. पहिला चित्रपट ‘स्टुडंट नंबर १’ २००१ चा, त्याला संगीत कीरवाणींचं, ‘बाहुबली’लाही त्यांचंच. ‘मगधीरा’ने (२००९) राजेरजवाड्यांची भव्यता आणि व्हीएफएक्स आपल्याला झेपतं हे दाखवलं. ‘ईगा’मध्ये (२०१२) तर नायक एक माशी! नट पडद्यावरून लवकर जातो आणि संगणकावर तयार केलेल्या माशीच्या मागे प्रेक्षक शेवटपर्यंत धावतो. त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि तो तेलुगूबरोबर तमिळमध्येही केला होता. २०१५ मध्ये ‘बाहुबली’ आला तेव्हा आपल्याला तो अचानक आल्यासारखा वाटला. तोवर पैसे लावणाऱ्यांच्या एकेका शंकेचं उत्तर आधीच्या चित्रपटांनी देऊन ठेवलं होतं.

आता मराठीतलं आणि माझ्या जवळचं उदाहरण. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मग ‘फँड्री’ आला, २०१४ च्या फेब्रुवारीत लागला आणि पाठोपाठ त्याला पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ‘फँड्री’ने गल्ल्याचे विक्रम मोडले नाहीत. तो चालला तो वेगळ्या अर्थाने: ज्याने पाहिला त्याच्या डोक्यातून गेला नाही. नवखी मुलं, गावाकडची भाषा, जातीचा विषय, आणि तरी शेवटपर्यंत खुर्चीला खिळवणारी पकड. दोन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. पुन्हा नवे चेहरे, पुन्हा गावाकडचा मुलूख, पण या वेळी अजय-अतुलची गाणी आणि त्यांच्यासाठी अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद. चार कोटींच्या आसपास खर्चाच्या या चित्रपटाने शंभर कोटींच्या घरात गल्ला नेला. मराठीत त्याआधी असं घडलं नव्हतं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘सैराट’चे नायक-नायिका कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांच्यावर एवढा विश्वास कसा टाकला गेला? कारण नवख्या मुलांकडून हा माणूस खरंखुरं काम काढून घेतो, हे ‘फँड्री’ने दाखवलेलं होतं. पहिल्या चित्रपटाच्या गल्ल्यापेक्षा त्याने काय सिद्ध केलं हे पुढे जास्त उपयोगी पडलं. म्हणून ‘हिट’ या शब्दाला मी फक्त कोटींत मोजत नाही.

अर्थात, पत ही खर्च होणारी वस्तू आहे. ‘सैराट’नंतर मंजुळ्यांनी अमिताभ बच्चन यांना घेऊन हिंदीत ‘झुंड’ (२०२२) केला. चांगला चित्रपट, पण ‘सैराट’ची गर्दी त्याला झाली नाही. आधीचं यश चित्रपट बनवून देतं, शुक्रवारी दारात आणून सोडतं; आतल्या खुर्च्या भरणं त्याच्या हातात नसतं. राज कपूर यांच्यासारख्या मातब्बर माणसाचा, वर्षानुवर्षं खपून केलेला ‘मेरा नाम जोकर’ १९७० मध्ये कोसळला. त्यांनी १९७३ मध्ये नव्या चेहऱ्यांची ‘बॉबी’ काढली आणि गेलेली पत परत मिळवली. आपण यादी करतो ती अशा तरलेल्यांची. पहिला हिट देऊन दुसऱ्यात बुडालेले आणि मग कधीच न दिसलेले दिग्दर्शक पुष्कळ आहेत, त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. त्यामुळे ‘पहिला चालला की पुढचे चालतातच’ असा नियम करणं चुकीचं ठरेल.

दुसरी अडचण अशी की पत वाढली की भागीदार येतात आणि भागीदारांबरोबर हिशेब. फाळक्यांच्या नाशिकच्या कंपनीत हेच झालं. त्यांना हवं तसं, हवा तेवढा वेळ घेऊन चित्रपट करायचा होता; पैसे घातलेल्यांना खर्चावर हात ठेवायचा होता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर म्हणता येईल. पण कंपनी सुरू होऊन दोनेक वर्षं होतात न होतात तोच फाळके बाहेर पडले, काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि १९२२ मध्ये परत त्याच कंपनीत आले. घरच्या दागिन्यांवर केलेल्या चित्रपटात त्यांना कोणाला विचारावं लागलं नव्हतं. लोकांच्या भांडवलावर केलेल्या चित्रपटात विचारावं लागलं.

हे ओळखून आपली पत योग्य जागी खर्च केलेलं उदाहरण हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचं. ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) आठ लाख डॉलरच्या आत झाला आणि त्याने दहा कोटींहून जास्त डॉलर मिळवले. ‘स्टार वॉर्स’च्या करारावर पुढची बोलणी चालू असताना लुकास मानधन भरमसाट वाढवून मागू शकले असते. त्यांनी त्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी-वस्तूंचे हक्क मागितले. स्टुडिओला ते किरकोळ वाटलं. १९७७ नंतर त्या हक्कांतूनच त्यांचं स्वतःचं साम्राज्य उभं राहिलं, आणि पुढच्या चित्रपटात काय असावं हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही.

नाशिकमध्ये आज मोबाइलवर, भाड्याच्या कॅमेऱ्यावर शॉर्ट फिल्म करणारी भरपूर मुलं-मुली आहेत. गंगापूर रोडच्या कट्ट्यांवर ‘पहिलाच मोठा करायचा’ अशी भाषा ऐकू येते. माझं म्हणणं उलटं आहे. तुम्हाला पाच वर्षांनी जो चित्रपट करायचा आहे, त्यातली पैसेवाल्याला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट कोणती, ते आधी शोधा. पुढे गर्दीची दृश्यं असतील, तर आत्ता तीस माणसांचं एक दृश्य गोंधळ न होता करून दाखवा. पुढे अहिराणीत चित्रपट करायचा असेल, तर ती न समजणारा प्रेक्षकही बसून राहतो हे दहा मिनिटांत दाखवा. आणि पहिल्या चित्रपटाचा करार समोर येईल तेव्हा दोन कलमं नीट वाचा: रिमेक आणि पुढच्या भागाचे हक्क कोणाकडे राहतात, आणि त्याच मानधनात पुढचे दोन-तीन चित्रपट तुम्ही त्याच निर्मात्याला बांधून तर देत नाही ना. पहिला चित्रपट चालला तर तुमची खरी किंमत या दोन कलमांतच ठरणार आहे, म्हणून सहीआधी वकिलाला ते दाखवून घ्यायचा खर्च चित्रपटाच्या बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.